लेखनाचे दप्तर आणि मौनाचा अधिकार

विद्यार्थ्याच्या लेखनाचे मूल्यमापन हा विषय मराठीच्या अभ्यासविश्वात बहुधा अध्यापनपद्धतीच्या कक्षेत ठेवला जातो, आणि तेथेच तो संपतो असे मानले जाते. अलीकडे पदव्युत्तर स्तरावर रूढ होऊ लागलेल्या एका लेखनव्यवहाराने मात्र हा विषय समीक्षेच्या, आणि त्याहूनही अधिक नीतिविचाराच्या, दारात आणून उभा केला आहे. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमात व अभ्यासक्रमाबाहेर केलेल्या लेखनातून निवड करून एक संच तयार करायचा. त्यात बातम्या, अनुवाद, जाहिरातीच्या संहिता, समाजमाध्यमांवरील टिपणे असे व्यवसायोपयोगी लेखन अंतर्भूत करायचे. आणि ‘या लेखनातून मी कसा घडलो’ हे सांगणारे एक चिंतनपर टिपण त्याला जोडायचे, असे या व्यवहाराचे सर्वसाधारण स्वरूप असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील एम.ए.च्या आराखड्यात २०२३-२४ पासून ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा क्षेत्रीय प्रकल्प यांसाठी स्वतंत्र श्रेयांक ठेवले गेले, आणि वर्गाबाहेर केलेले लेखन परीक्षकासमोर मांडण्याची गरज त्यामुळे अधिकच वाढली. या संचाला ‘पोर्टफोलिओ’ म्हणतात.

हा शब्द मराठीत आधी मंत्र्यांच्या खात्यांच्या बातम्यांमधून आणि नंतर शेअरबाजाराच्या पानांवरून आला. त्यामुळे त्याला सत्तेचा आणि गुंतवणुकीचा वास आहे, आणि तो येथे अगदीच अप्रस्तुत आहे असे म्हणता येत नाही. विद्यार्थीही आपल्या लेखनाची गुंतवणूकच करीत असतो. परंतु मराठीत याच वस्तूसाठी अधिक जुना आणि अधिक अर्थगर्भ शब्द उपलब्ध आहे. तो शब्द म्हणजे ‘दप्तर’. शाळकरी मुलाच्या पाठीवर असते तेही दप्तर आणि पुण्यात रुमालांमध्ये बांधून ठेवलेले असते तेही दप्तरच. फारसीतून आलेल्या या शब्दाने मराठीत शिकणारा आणि जाब देणारा या दोघांना एकाच पिशवीत घातले आहे. दप्तरातला कागद दाखविण्यासाठी ठेवलेला नसतो. उद्या कोणी विचारले तर काढता यावा म्हणून ठेवलेला असतो. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पंचेचाळीस खंडांचे नावच ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ असे आहे. दप्तर वेगळे आणि निवडलेले कागद वेगळे, हा विवेक त्या शीर्षकात आहे. पोर्टफोलिओ नावाच्या व्यवहारात हा विवेकच पुसला जातो. निवडलेले कागद हेच समग्र दप्तर आहे, आणि त्या दप्तरातून दिसतो तोच समग्र विद्यार्थी आहे, असे गृहीत धरून परीक्षक वाचू लागतो.

या गृहीतकाची परीक्षा एखाद्या विशिष्ट ठिकाणी उभे राहून केलेली बरी. कल्याणच्या पुढे, कसारा मार्गावरील आंबिवली स्थानकाजवळ, उल्हास नदीच्या अंगाने वसलेले मोहने हे असे ठिकाण आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘एनआरसी’, हा लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम रेशीम तयार करणारा कारखाना म्हणजे कित्येक दशके मोहन्याचे घड्याळ होते. कंपनीची वसाहत, पाळ्यांच्या वेळा, पगाराचा दिवस यांवर गावाचा बाजार आणि गावाचे सण चालत. २००९ साली कारखान्याला टाळेबंदी झाली, ती उठली नाही. प्रकरण पुढे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापर्यंत गेले, आणि थकीत देण्यांचा प्रश्न कामगारांच्या पुढच्या पिढीच्या शिक्षणकाळावर सावलीसारखा पसरून राहिला.

या गावात वाढलेली आणि मराठीत एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी कल्पावी. तिने आजवर केलेल्या लेखनाचे ढोबळ मानाने चार गठ्ठे होतील. एका दैनिकाच्या स्थानिक पुरवणीसाठी तिने बातम्या दिल्या. त्या ‘प्रतिनिधी’ या अनाम नावाखाली छापून आल्या. एका गृहसंकुलाच्या जाहिरातीचा मजकूर तिने मानधन घेऊन लिहिला. समाजमाध्यमांवर तिने वडिलांच्या बंद पडलेल्या पाळीविषयी काही ललित टिपणे लिहिली, आणि ती वाचली गेली. चौथा गठ्ठा तिच्याजवळ नाहीच. शेजारपाजारच्या माणसांना तिने लिहून दिलेले अर्ज तो भरतो: भविष्यनिर्वाह निधीच्या चौकशीचे, नाव दुरुस्तीचे, थकीत देण्याच्या दाव्याचे. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये चालणाऱ्या प्रक्रियेत कामगाराला आपले येणे ठरावीक प्रपत्रात मांडावे लागते. ज्याने तीस वर्षे यंत्रावर काढली त्याला हे प्रपत्र यंत्राहून कठीण वाटू शकते, आणि मग गल्लीतल्या शिकणाऱ्या मुलीला हाक मारली जाते.

आता या चार गठ्ठ्यांतून तिने निवड करायची आहे. सल्ला देणारा शिक्षक काय सुचवील, हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. ललित टिपणे आधी, कारण त्यांत ‘स्वतःचा आवाज’ आहे. बातम्या मग, कारण त्यांत शिस्त आहे. जाहिरातीचा एखादा नमुना, बाजारात चालणारे कौशल्य दाखविण्यापुरता. अर्जांचा विचारही होणार नाही, कारण ते ‘लेखन’ आहे असे मुळात कोणालाच वाटत नाही; बहुधा तिलाही नाही.

या क्रमामागे एक समीक्षाविचार उभा आहे, आणि तो मराठीत चांगलाच मुरलेला आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) मध्ये आत्मनिष्ठेला मोठे स्थान दिले. लेखकाने आपल्या अनुभूतीशी इमान राखणे ही त्यांच्या लेखी वाङ्मयीन कसोटी होती. चारित्र्याचा दाखला त्यांना मागायचा नव्हता. पुढील काळात, विशेषतः दलित आत्मकथनांच्या चर्चेत, अनुभवाची प्रामाणिकता हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला की मूळ संकल्पनेतील काटेकोरपणा हरवून तिचा एक सर्वसाधारण नैतिक प्रशस्तिपत्र म्हणून वापर होऊ लागला. चिंतनपर टिपणाची मागणी ही या झिजलेल्या आत्मनिष्ठेचीच शैक्षणिक आवृत्ती आहे. फरक इतकाच की मर्ढेकरांची आत्मनिष्ठा कलाकृतीतच शोधायची होती. आता ती कलाकृतीशेजारी वेगळ्या कागदावर लिहून द्यावी लागते, आणि तिला गुण असतात.

गुण असलेल्या प्रामाणिकपणाचे काय होते, हे कोणत्याही विभागातील पाचपन्नास टिपणे एका बैठकीत वाचली की कळते. त्यांचा एक आकृतिबंध ठरून जातो. प्रारंभी लेखनाची भीती, मध्यंतरी एका चुकीची जाणीव, मग मार्गदर्शनाने झालेला बदल, आणि शेवटी आत्मविश्वास. फुकोने लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१९७६) पाश्चात्त्य समाजातील कबुलीच्या विधीचे विश्लेषण करताना म्हटले आहे ते येथे आठवते: कबुली देणाऱ्यापेक्षा ती ऐकणाऱ्याच्या हाती सत्ता असते, कारण ती मागणारा, तोलणारा आणि क्षमा करणारा तोच असतो. परीक्षक या तिन्ही भूमिका एका गुणपत्रिकेत पार पाडतो. (आजची लेखनयंत्रे इतर कोणत्याही गद्यप्रकारापेक्षा हे चिंतनपर टिपण अधिक सफाईने लिहून देतात, यावरून यंत्राच्या बुद्धीपेक्षा त्या लेखनप्रकाराच्या पोकळपणाविषयीच अधिक काही कळते.)

विद्यार्थ्याचे लेखन पुरावा म्हणून लोकांसमोर ठेवण्याची प्रथा मराठीत नवी नाही, आणि तिच्या अगदी आरंभी एक असा मजकूर आहे की ज्याच्यापुढे ही सारी चर्चा नव्याने मांडावी लागते. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ या दोन अंकांत छापला गेला. मराठीतील दलित स्त्रीचे पहिले ज्ञात गद्यलेखन म्हणून तो आज अनेक अभ्यासक्रमांत आहे. परंतु १८५५ साली तो प्रथमतः काय होता? तो एका विद्यार्थिनीचा निबंध होता. शाळा चालविणाऱ्यांच्या दृष्टीने तो या मुलांना शिकविता येते याचा पुरावा होता; मिशनच्या नियतकालिकाच्या दृष्टीने हिंदू समाजरचनेविरुद्धची साक्ष होता. दोघांच्याही दप्तरात त्याला जागा होती. या दोन दप्तरांच्या मधोमध जी मुलगी उभी आहे तिच्या दृष्टीने तो काय होता, हे विचारायला हवे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी तिचे कोणतेही चिंतनपर टिपण उपलब्ध नाही. ते नाही, हे एका अर्थी अभ्यासकाचे भाग्यच आहे. त्यामुळे निबंधच वाचावा लागतो.

निबंध वाचताना एक गोष्ट लक्षात येते. आरंभी ईश्वराचे स्मरण करून विषय हाती घेणारी एक एकवचनी व्यक्ती दिसते आणि मग ती ‘आम्ही’मध्ये विरून जाते. ज्यांना वेद वाचण्याची मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न सामूहिक आहे. पेशवाईत मांग-महारांवर झालेल्या क्रौर्याचे, इमारतींच्या पायात माणसे पुरली गेल्याचे वर्णन हे तिने ऐकलेल्या, समूहाच्या स्मृतीत असलेल्या गोष्टींचे आहे. छपराविना प्रसूत होणाऱ्या स्त्रियांच्या हालांचा उल्लेख येतो, तोही एका जातीच्या सर्व स्त्रियांचा म्हणून. शेवटी ती आपल्याच लोकांना अभ्यास करण्याचे आवाहन करते. तिचे स्वतःचे घर, तिची आई, शाळेत जाता-येता तिला सोसावे लागले असेल ते, यांपैकी जवळजवळ काहीही निबंधात नाही. चौदा वर्षांच्या मुलीकडे या विषयावर लिहिताना सर्वांत हाताशी असलेली सामग्री तिने वापरलेली नाही. हे मौन बालसुलभ असमर्थतेचे आहे असे म्हणणे कठीण आहे, कारण युक्तिवाद करण्याचे तिचे सामर्थ्य ओळीओळीतून दिसते. ते निवडीचे मौन आहे असे मानण्यास जागा आहे. तिने साक्ष दिली. परंतु स्वतःला प्रदर्शनात ठेवले नाही.

हा निबंध खरोखर तिनेच लिहिला का, शिक्षकाचा हात त्यात किती, असा प्रश्न आजचा वाचक सहज विचारतो. वर्गात लिहिलेल्या कोणत्याही निबंधाविषयी तो विचारता येतो. पण तो ज्या तत्परतेने या निबंधाविषयी विचारला जातो त्या तत्परतेने त्या काळच्या उच्चवर्णीय विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी विचारला जात नाही. संशयाचे हे असमान वाटप हाच नैतिक प्रश्नाचा एक भाग आहे. आणखी एक भाग असा की तिचे याखेरीज दुसरे लेखन ज्ञात नाही. ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) एवढे एकच पुस्तक मागे ठेवणाऱ्या ताराबाई शिंदे यांचीही गोष्ट तीच. संचाची कल्पना ज्या ‘वाढ’, ‘विविधता’, ‘सातत्य’ या निकषांवर उभी आहे, त्या निकषांवर या दोघी उत्तीर्ण होणार नाहीत. एकच कागद असलेले दप्तर आजच्या गुणपत्रिकेत कोठे बसवायचे?

एकोणिसाव्या शतकातील या उदाहरणावरून आजच्या मोहन्याकडे येताना मधल्या एका टप्प्याचा विचार करणे आवश्यक आहे. ‘हे माझे लेखन’ या विधानाचा अर्थ त्या टप्प्यात छापखान्याने आणि कायद्याने बदलला. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी अधिनियमाने छापील कागदावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व ठिकाण देणे बंधनकारक केले. सरकारला कोणाला धरायचे ते कळावे, हा त्यामागील एक उद्देश उघड आहे. (नियतकालिकांपुरता या अधिनियमाच्या जागी २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून आला.) फुकोनेच ‘लेखक म्हणजे काय?’ या १९६९ च्या व्याख्यानात म्हटले होते की संहितांना लेखक लाभले ते शिक्षा करता यावी म्हणून. लोकमान्य टिळकांवरील १८९७ च्या खटल्यात याचे मराठी प्रात्यक्षिक दिसते. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील मजकुरात टोपणनावाने आलेली शिवाजी महाराजांच्या मुखातील एक कविता होती, तिच्यासाठी आणि त्याच अंकातील इतर मजकुरासाठी न्यायालयात उभे राहिले ते संपादक-प्रकाशक, आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ‘हे मी लिहिले’ आणि ‘याचा जाब मी देईन’ ही दोन विधाने वेगळी आहेत, हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. वृत्तपत्रातील अनाम लेखन या दुसऱ्या विधानाच्या आधारावर उभे राहिले.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ ने या दोन विधानांत तिसरे एक मिसळले: ‘हे माझ्या मालकीचे आहे’. नोकरीत असताना वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या मजकुराच्या प्रकाशनापुरती मालकी, वेगळा करार नसेल तर, कलम १७ अन्वये मालकाकडे जाते. परंतु कलम ५७ ने लेखकाचा एक विशेष हक्क मालकीपासून सोडवून वेगळा ठेवला आहे. हक्क विकल्यावरही आपण त्या कृतीचे कर्ते आहोत असे म्हणण्याचा, आणि तिच्या विपर्यासाला हरकत घेण्याचा हा हक्क आहे. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या कलमाचा जो व्यापक अर्थ लावला, तो साहित्याच्या अभ्यासकांनी मुळातून वाचावा असा आहे. म्हणजे मोहन्याच्या त्या विद्यार्थिनीला आपली अनाम बातमी आणि विकलेली जाहिरात ही ‘माझी’ म्हणून दाखविता येते, याला नीतीचा आणि पुष्कळ अंशी कायद्याचाही आधार आहे. पण कायदा तिला ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा हक्क देतो. तसे म्हणण्याचे कर्तव्य तिच्यावर लादत नाही. शिक्षणव्यवहार मात्र हळूहळू ते लादू लागला आहे.

जाहिरात आणि ललित टिपण ही दोन्ही एकाच हाताने लिहिलेली आहेत. जाहिरातीत जमिनीला ‘मोकळी’ म्हटले असेल; टिपणात ‘रिकामी केलेली’. एकाच भूमीविषयीची ही दोन विशेषणे आहेत, आणि त्यांच्यामध्ये एका गावाचा इतिहास मावतो. आत्मनिष्ठेच्या निकषावर निर्णय सोपा आहे: दुसरे विशेषण तिचे, पहिले पैशाचे. परंतु या सोप्या निर्णयात एक सोयीस्कर फसवणूक आहे. ललित टिपण वाचणाऱ्याने डोळे पुसले आणि तो पुढे गेला. जाहिरात वाचणाऱ्याने कदाचित आयुष्यभराचे कर्ज काढले. ज्या लेखनाच्या भरवशावर कोणी कृती करतो, त्या लेखनाचे उत्तरदायित्व जड असते, मग ते मनापासून लिहिलेले असो वा नसो. बाख्तिनने १९१९ मधील आपल्या अगदी छोट्या पहिल्या प्रकाशित लेखात कला आणि जीवन यांना जोडणारा दुवा म्हणून उत्तरदायित्वाचा विचार मांडला होता. जे कलेत अनुभवले त्याचे देणे जगण्यात चुकवावे लागते, असा त्याचा आशय. त्यात व्यवसायाची भर घालावी लागेल. ‘ते माझे खरे लेखन नव्हे’ हा बचाव लेखकाला स्वतःपुरता दिलासा देतो. जाहिरातीच्या वाचकापुढे तो टिकत नाही.

तेव्हा तिने जाहिरात संचात ठेवावी आणि टिपणात तिच्याविषयी पश्चात्ताप व्यक्त करावा काय? पहिले करण्यास हरकत नाही. दुसऱ्याची मागणी करण्याचा परीक्षकाला अधिकार नाही. कारण पश्चात्तापाला गुण मिळू लागले की जिने अशी जाहिरात लिहिलीच नाही तिच्यापेक्षा लिहून हळहळणारी वरचढ ठरते. परीक्षकाने जाहिरातीचा मजकूर वाचावा. ‘मोकळी’ हे विशेषण तेथे काय लपविते ते पाहावे, आणि लेखिकेला ते कळले आहे का, हे तोंडी परीक्षेत विचारावे. शब्दाविषयीचा प्रश्न विचारण्याचा अधिकार निर्विवाद आहे. शब्द लिहिताना घरात चूल कशी पेटत होती, हा प्रश्न त्या अधिकाराबाहेरचा आहे.

या ठिकाणी जातिवर्गाचा संदर्भ पुन्हा समोर येतो. चिंतनपर टिपण सर्व विद्यार्थ्यांकडून सारखे मागितले जाते असे वाटते. प्रत्यक्षात ते सारखे नसते. सुखवस्तू घरातील विद्यार्थ्याने आपल्या वाचनप्रवासाविषयी लिहिले की भागते. बंद कारखान्याच्या वसाहतीतून, पारधी पालातून, ऊसतोड कामगारांच्या कोपीतून आलेल्या विद्यार्थ्याकडून त्याच्या दुःखाची अपेक्षा असते, आणि ते नेमके कोठे ठेवल्यास परिणामकारक होईल याचे मार्गदर्शनही मिळते. मार्गदर्शकाचा हेतू अनेकदा सहानुभूतीचाच असतो, त्यामुळे हा भार अधिकच अदृश्य राहतो. दया पवार यांनी ‘बलुतं’ (१९७८) मध्ये बोलणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार असे दोघे केले. या दुभंगाची चर्चा निवेदनतंत्र म्हणून पुष्कळ झाली आहे. त्याची नैतिक बाजू अशी की आपले जगणे शिकलेल्या वर्गासमोर मांडताना मांडणारा आणि जगणारा यांच्यात अंतर राखण्याचा हक्क लेखकाने तेथे बजावला आहे. चिंतनपर टिपणाच्या रचनेत असे दोघे बसत नाहीत. तेथे एकच ‘मी’ लागतो. वाढलेला, सुधारलेला आणि कृतज्ञ.

शेवटी तो चौथा गठ्ठा उरतो, जो नाही. शेजाऱ्यांसाठी लिहिलेले अर्ज हे त्या विद्यार्थिनीचे सर्वांत काटेकोर लेखन असण्याचा संभव आहे. त्यांत एक तारीख चुकली तर दावा बाद होतो. एक शब्द अधिक झाला तर कारकून कागद परत करतो. विशेषणाला तेथे जागा नाही. दुसऱ्याचा ‘मी’ आपल्या हाताने लिहायचा आणि स्वतः संपूर्ण बाजूला राहायचे, हे निवेदनाचे जे अवघड कौशल्य कादंबरीकार वर्षानुवर्षे कमावतो, ते येथे रोजच्या कामात येते. व्यावसायिक लेखन या शब्दाला काही अर्थ असेल तर तो या अर्जांना सर्वाधिक लागू पडतो, जरी त्यांचे मानधन चहाच्या कपापलीकडे गेलेले नसले तरी. आणि नेमके हेच लेखन तिला दाखविता येत नाही. त्यांत माणसांची नावे आहेत, खात्यांचे क्रमांक आहेत, कोणाच्या आजारपणाची, कोणाच्या कर्जाची हकीकत आहे. नावे खोडून नमुना म्हणून सादर करावे, असा एक मार्ग सुचविला जातो. परंतु गल्लीत सर्वांना सर्वांची ओळख असते. खोडलेल्या नावाखालून माणूस दिसतोच. शिवाय ज्याने अर्ज लिहवून घेतला त्याने तो एका कचेरीसाठी लिहवून घेतला होता, विद्यापीठासाठी नव्हे.

येथील मौन आणि जाहिरात लपविणारे मौन यांत फरक आहे. एक दुसऱ्याला राखते, दुसरे स्वतःला. बाहेरून पाहणाऱ्या परीक्षकाला मात्र दोन्ही ठिकाणी सारखीच रिकामी जागा दिसते, आणि त्याला हा फरक ओळखता येईल अशी कोणतीही रीत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी साम्य मोजण्याचे टक्के ठरवून दिले आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र धरलेले नाही. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून दाखविणाऱ्याला पकडण्याची ही व्यवस्था आहे. आपले लेखन दुसऱ्याचे म्हणून सोडून देणारीला मोजणारी टक्केवारी तेथे नाही, आणि ती असावी असेही नव्हे.

अभिलेखागारातील दप्तराला यादी असते, आणि यादीत जो कागद आहे तो प्रत्येक वेळी वाचकाच्या हाती दिला जातोच असे नाही. विद्यार्थ्याच्या संचालाही अशी एक साधी यादी जोडता येईल, चिंतनपर टिपणाऐवजी. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी पुरेत: मजकूर कोणासाठी लिहिला, कोणाच्या नावाने गेला, आणि आज कागद कोणाकडे आहे. बातम्यांपुढे ‘दैनिकासाठी, प्रतिनिधी म्हणून, कात्रणे सोबत’ असे येईल. जाहिरातीपुढे ‘विकासकासाठी, अनाम, प्रत सोबत’. ललित टिपणांपुढे तिचे स्वतःचे नाव. आणि चौथ्या ओळीत, ‘अर्ज व दावे, ज्यांचे त्यांच्या नावाने, कागद ज्यांचे त्यांच्याकडे’. या ओळीला किती गुण द्यायचे हा प्रश्न अभ्यासमंडळाच्या बैठकीत निघाल्यास निघो. गुण न देता ती ओळ यादीत राहू दिली, तरी परीक्षकाला ती वाचून पुढच्या पानावर जावे लागेल.